बिनउंबऱ्याचं दार

१

नवनाथ ओझरच्या विमानांच्या कारखान्यात तपासणीच्या खात्यात होता. दुसऱ्यानं बनवलेला भाग हातात घ्यायचा, मापायचा, आणि केसाएवढा फरक दिसला तरी लाल खूण करून परत पाठवायचा, हे त्याचं काम. अशा नोकरीत वर्षं काढली की माणूस घरीही तसाच होतो. पोळी एका बाजूला जाड झाली तर त्याला ती दिसायचीच. बोलायचा मात्र नाही, कारण मनालीशी संसार करून त्याला तेवढी अक्कल आली होती.

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला त्यांचं रो हाउस होतं. पुढे गाडीपुरती जागा, मागे पेरूचं एक झाड, एक नळ आणि कपडे धुवायचा दगड. मागच्या खोलीत त्याची आई भागुबाई पडून होती. दिवाळीच्या आधी बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवला. आता चालायचं, असं सांगितलं. भागुबाई चालली नाही. तिचा वॉकर कोपऱ्यात उभा होता आणि त्याच्यावर टॉवेल वाळत होते.

"हाडाचं काम आम्ही केलं," डॉक्टर नवनाथला बाजूला घेऊन म्हणाले होते. "पुढचं त्यांच्या मनावर आहे. पावसाळ्यापर्यंत उठल्या नाहीत तर उठणारच नाहीत. आणि अशी झोपून राहिलेली माणसं फार काळ काढत नाहीत, हे तुम्हाला स्पष्ट सांगतो."

मे महिना निम्मा सरला तरी भागुबाई भिंतीकडे तोंड करून होती. पुढ्यात ठेवलं तर दोन घास खायची, विचारलं तर हूं म्हणायची. नवनाथ रोज कामावरून आला की तिच्या उशाशी बसायचा. आई हातातून निसटत होती आणि ते मापायला त्याच्याकडे पट्टी नव्हती.

अशात एका संध्याकाळी ती आपणहून बोलली.

"नवनाथा, ह्या खोलीला मागं दार पाड."

"दार? कशाला गं?"

"पाड म्हनते ना. खिडकी हाय तिथं. लाकडाचं कर, लोखंडाचं नको."

आईनं कित्येक महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. तिनं चंद्र मागितला असता तरी नवनाथ शिडी शोधत फिरला असता. मनालीला तर आनंदच झाला. ती शाळेत शिकवायची, सुट्टी लागली होती, आणि काचेचे चौकोन असलेली लाकडी दारं तिनं मोबाईलवर केव्हाची बघून ठेवली होती. दार झालं की आई खुर्चीत बसून पेरूच्या सावलीत येतील, उन्हाचा हात अंगावरून फिरेल, आणि एक दिवस आपल्या पायांनी बाहेर पडतील, असा तिचा हिशेब होता. हिशेबात चूक काढायला नवनाथला जागा दिसली नाही.

२

गोटीराम मिस्त्री बोलायला लागला की त्याचा रंधा थांबायचा, आणि रंधा चालू झाला की त्याचा फोन वाजायचा. तरीही काम पुढे सरकत होतं. खिडकी निघाली, खालची भिंत फुटली, आणि घरात सिमेंटची इतकी धूळ झाली की मनालीनं चहासुद्धा झाकून प्यायला. भागुबाईला पुढच्या खोलीत हलवायचं ठरलं, तर तिनं साफ नकार दिला. तोंडावर पदर घेऊन ती तिथंच पडून राहिली. पण आता तिचं तोंड भिंतीकडे नव्हतं, त्या भगदाडाकडे होतं.

सागाची चौकट उभी राहिली. मनालीनं तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. गोटीराम खाली बसून उंबऱ्याचं माप घेऊ लागला, तशी पलंगावरून आवाज आला.

"उंबरा नको."

नवनाथ चमकला. घराचा उंबरा म्हणजे भागुबाईच्या लेखी देव्हाऱ्याच्या खालोखालची जागा. गावाकडे रोज सकाळी ती उंबऱ्याला हळदकुंकू वाहायची. लहानपणी त्यावर बसला म्हणून नवनाथनं तिच्या हातचा धपाटा खाल्ला होता.

"आजी, बिनउंबऱ्याचं कसं बरं दिसंल?" गोटीराम म्हणाला.

"नको म्हनते ना. पाय अडकतो त्यांचा."

"कुणाचा?"

आई वॉकरचं म्हणत असतील, असं मनालीनं हळूच सांगितलं आणि गोटीरामनं मान डोलावली. ते पटण्यासारखं होतं. नवनाथला फक्त 'त्यांचा' हा शब्द खुपला. वॉकरला कोणी 'ते' म्हणत नाही. आईच्या तोंडी सगळ्या जगात 'ते' एकच होते, तिचे मालक, नवनाथचे वडील. त्यांचं नाव सावळीराम, पण नवनाथ त्यांना नाना म्हणायचा, आणि भागुबाईनं तर ते नाव उखाण्याबाहेर कधी घेतलंच नाही. लकव्यानंतर नानांचा डावा पाय ओढला जायचा. उंबरा ओलांडताना ते थांबायचे, दोन्ही हातांनी गुडघा उचलून पाय पलीकडे टाकायचे.

नाना जाऊन दुसरं वर्ष चालू होतं.

"आन आत उघडू दे," भागुबाई पुढे म्हणाली. "बाहेरच्याला ढकलणारं दार चांगलं नसतं."

३

दार बसलं आणि खोलीचं रूपच पालटलं. खाली रुंद फळ्या, वर काचेचे चौकोन, दोन झडपा, पितळी बिजागऱ्या. सकाळचं ऊन फरशीवर चौकोन पाडायला लागलं. नवनाथनं पट्टी घेऊन चारही बाजू तपासल्या आणि लाल खूण करायला काही सापडलं नाही. "पास," तो म्हणाला. गोटीराम त्या एका शब्दावर दिवसभर खूश होता.

तिन्हीसांजेला मनालीनं देवापाशी दिवा लावला, पुढचं दार उघडलं आणि मागचं लावायला गेली. ही सवय तिला सासूनंच लावलेली. दिवेलागणीला पुढचं दार उघडं ठेवायचं आणि मागचं बंद. लक्ष्मी पुढून आत येते, ती मागून निघून जाऊ नये. या घराला मागचं दार नव्हतं तर भागुबाई मागची खिडकी तरी लावून घ्यायला लावायची, इतकं तिचं ते पक्कं होतं.

"राहू दे," भागुबाई म्हणाली. "मागचं राहू दे उघडं. पुढचं लावून घे."

"आई, उलटं म्हणताय तुम्ही."

"नीट म्हनते मी. यायचंय."

मनाली हसली. हसू ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, त्यानं खांदे उडवले. म्हाताऱ्या माणसाच्या मनात काय येतं, कोण वाद घालणार? त्यांनी पुढचं दार लोटलं, मागचं उघडं ठेवलं.

थोड्या वेळानं मागून पाण्याचा आवाज आला. नळ सोडल्याचा, आणि मग दगडावर पाय घासून धुतल्याचा. शहरात वाढलेल्या माणसाला तो कळणार नाही. चिखल वाळला असला की टाच आधी दगडावर घासायची, मग पाणी, मग पुन्हा घासायची. नवनाथ चटकन उठून दारात गेला. मागे कोणी नव्हतं. नळ घट्ट बंद होता. धुण्याचा दगड ओला होता, पण दुपारी मनालीनं पायपुसणी धुतली होती, आणि शेजाऱ्यांची टाकी रोजच भरून वाहते.

"टाकीचं पाणी," तो आत येऊन म्हणाला.

कोणी काही विचारलं नव्हतं. भागुबाई दाराकडे बघत होती, आणि तिनं केसांवरून पदर सारखा केला.

४

दुसऱ्या दिवशी रात्रीपुरतं दार लावायचं म्हणून नवनाथनं संध्याकाळीच उजवी झडप ढकलली, तर ती लागेना. चार बोटांची फट उरली आणि झडप थांबली.

त्याच दिवशी सकाळी तीच झडप अल्लाद लागली होती. त्यानं बिजागरी पाहिली, चौकटीच्या खाचेत बोट फिरवलं, खाली वाकून बॅटरी मारली. काही अडकलेलं नव्हतं. पुरता अंधार पडल्यावर त्यानं पुन्हा ढकलली, तर काहीच नसल्यासारखी लागली.

दुसऱ्या दिवशी गोटीराम आला, फोनवर बोलत बोलत झडप उतरवली, रंधा मारला, बसवली. "लाकूड हाय साहेब, फुगतं," तो म्हणाला. लाकूड पावसाळ्यात फुगतं, मेच्या उन्हात ते आक्रसतं, हे नवनाथला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही, कारण मग त्यालाच दुसरं कारण द्यावं लागलं असतं.

संध्याकाळी पुन्हा तेच. दिवेलागण झाली आणि झडप चार बोटांवर थांबली. या वेळी नवनाथनं खांदा लावला. लाकूड लाकडाला भिडलं की कसं लागतं हे त्याच्या हाताला ठाऊक होतं, दगड मध्ये आला तर कसं लागतं हेही. हे तसलं काही नव्हतं. हे मऊ होतं. दाबलं तसं किंचित दबलं, आणि दाब काढल्यावर पुन्हा पहिल्या जागी आलं.

त्यानं हात काढून घेतला आणि पँटला पुसला.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र नाकारता येत नव्हती. भागुबाई सुधारत होती. ती उशीला टेकून बसायला लागली होती. बाजरीची भाकरी मागून घेतली, वर ठेचा नाही म्हणून मनालीला बोल लावले. दुपार कलली की केस विंचरून घ्यायची, धुतलेलं लुगडं नेसवायला सांगायची आणि दाराकडे तोंड करून बसायची. मनाली खुशीत होती. "बघा, मी म्हटलं नव्हतं? दारानं जादू केली," ती म्हणाली. नवनाथनं मान हलवली. त्याच्या मनात पाल चुकचुकत होती आणि तो तिला गप्प बसवत होता.

५

मग पावलं ऐकू यायला लागली. घराच्या कडेनं मागे जायला एक अरुंद बोळ होता. दिवेलागणीला त्या बोळातून एक पाऊल पडायचं आणि मग काहीतरी फरशीवरून ओढत जायचं. पाऊल, फरफट. पाऊल, फरफट. पेरूच्या झाडापाशी आवाज थांबायचा, नळ वाहायचा, आणि मग दार लागेनासं व्हायचं.

"शेजारच्या बाई झाडू मारतायत," मनाली म्हणाली, पण तिनं नवनाथचा हात घट्ट धरला होता.

त्याच संध्याकाळी नवनाथ खोलीत आला तेव्हा भागुबाईनं मनालीकडून कपाटातली एक कापडी पिशवी मागून घेतली होती आणि मांडीवर ठेवून ती काहीतरी भरत होती. त्याला बघताच तिनं पिशवीचं तोंड मिटलं.

"हे काय गं?"

"भरून ठेवते. निघायचंय आता."

तो तिच्या पलंगाच्या कडेला बसला.

"आई, नाना गेले. आपण सगळ्यांनी बघितलं."

"तू बघितलं. मला गावी नेल्यावर दाखवलं, तोंडावरचं कापड काढून." ती शांत होती. "पन त्या दिशी सकाळी तू दवाखान्यात न्यायला गाडी काढीत व्हता, तेव्हाचं तुला ठावं नाय. ते पुढल्या दारात उभे राहिले आन म्हनले, 'जातो गं.' मी हितून वरडले, 'जातो काय म्हनता? येतो म्हना!' तर हसले. म्हनले, 'बरं बाई, येतो.' मी म्हनलं, 'या.'"

"अगं, असं सगळेच म्हणतात."

"सगळे म्हनतात आन इसरतात. तुझ्या बापानं कधी सबूद मोडला का?"

नानांनी कोणाला 'येतो' म्हटलं की ते जायचे. एकदा अंगात ताप फणफणत असताना चांदवडच्या बाजारात गेले होते, का तर कोणाला तरी येतो म्हणाले होते. कांद्याचा व्यवहार नव्हता, काही नव्हतं, नुसता शब्द होता. आणि त्या शेवटच्या दिवशी हॉस्पिटलातून त्यांना परस्पर गावाकडे नेलं. या घरातून ते बाहेर पडले ते या घरात परत आलेच नव्हते.

"मग मागचं दार कशाला?" त्यानं विचारलं. आपण हे का विचारतोय, हे त्याचं त्याला कळलं नाही.

"ते कधी पुढल्या दारानं घरात आले का? मळ्यातून आले का मागं जायचे, पाय धुवायचे, मंग आत. हितं मागं दारच नव्हतं." भागुबाईनं मांडीवरची पिशवी चाचपली. "फिरत राहिले आसतील रं बिचारे. त्या पायानं. मीच बांधून घातलं त्यांना."

"आणि तू निघणार म्हणतेस ते?"

तिनं पिशवीवर हात ठेवला आणि दाराकडे तोंड फिरवलं. "ते येऊ दे आधी."

नवनाथ बाहेर आला आणि गोटीरामला फोन लावला. उद्या सकाळी फळ्या घेऊन ये, दार कायमचं बंद करायचंय. मनालीनं ऐकलं आणि ती भडकली.

"अहो, काय चाललंय तुमचं? त्या उठून बसल्या, जेवायला लागल्या. दार बंद केलंत तर उद्या पुन्हा भिंतीकडे तोंड करतील."

"कोणासाठी उठून बसलीय ते बघितलंस का तू? पिशवी भरलीय तिनं, मनाली. तो तिला न्यायला येतोय आणि ती तयार होऊन बसलीय."

स्वतःच्या वडिलांना आपण 'तो' म्हणालो, हे त्याला बोलून गेल्यावर कळलं. नाही म्हणायला मनालीकडेही कारण उरलं नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी गोटीराम आला नाही. कुठल्याशा साखरपुड्याला गेला होता आणि फोन उचलत नव्हता. नवनाथ कामावरून घरी येऊन बघतो तर मागची झडप सताड उघडी. त्यानं ती लावली, कडी घातली, आणि दिवेलागणीच्या आधीच दाराला पाठ टेकून उभा राहिला. लाज वाटत होती. विमानाचे भाग तपासणारा माणूस, आणि मेलेल्या बापाला घरात येऊ द्यायचं नाही म्हणून दार धरून उभा. पण आई गेली तर? नुसत्या त्या विचारानं त्याचे डोळे भरून आले.

भागुबाई पलंगावर बसली होती. पिशवी मांडीवर.

"नवनाथा, सरक."

"नाही सरकणार."

बाहेर उजेड पिवळा झाला, मग राखेसारखा. पुढच्या खोलीत मनालीनं काडी ओढल्याचा आवाज आला. बोळात पाऊल पडलं. फरफट. पाऊल. नळ वाहिला, टाच दगडावर घासली गेली. मग त्याच्या पाठीमागची कडी, जी त्यानं स्वतः घातली होती, निघाली. तो वळला आणि दोन्ही हातांनी झडप दाबून धरली. ती चार बोटं आत आली आणि थांबली. काचेपलीकडे डोक्याच्या उंचीवर काहीतरी पांढरं होतं. त्यानं वर बघायचं नाही असं ठरवलं, म्हणून खाली बघितलं.

फटीत पाय होता. नुसती बोटं. ओली, पाणी निथळत असलेली. अंगठ्याचं नख काळं होतं. नवनाथ शाळेत असताना नानांच्या हातून कुदळ निसटली होती आणि ते नख पुन्हा कधी नीट आलंच नाही.

त्याला भीती वाटली, खूप वाटली, पण त्याहून आधी त्याला वाटलं की आपण दार दाबतोय आणि तो पाय चेंगरतोय. त्याचे हात आपोआप सैल झाले.

तेवढ्यात त्याच्या खांद्यावर मागून हात पडला.

"सोड आता. बापाला दार लावतो का?"

तो बाजूला झाला. आईचा हात त्याच्या खांद्यापर्यंत पोचला होता, म्हणजे आई उभी होती, हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला. पलंगापासून दारापर्यंत ती आली होती, कशाला धरून आली कोण जाणे. आता तिनं चौकट धरली. तिचे पाय थरथरत होते. जिथं उंबरा असायला हवा होता तिथं ती थांबली, एक बोटही पुढे गेली नाही. आणि पिशवी फटीतून बाहेर धरली.

"घ्या," ती म्हणाली. "टोपी हाय. चष्मा हाय. तंबाखूची डबी हाय. राहूनच गेलं व्हतं सगळं."

तिनं स्वतःचं काहीच भरलेलं नव्हतं. निघायचं होतं ते तिला नव्हतंच. नवनाथला ते तेव्हा कळलं आणि त्याच्या तोंडून हुंदका फुटला.

पिशवी बाहेरून हळूच ओढली गेली. तिचे बंद भागुबाईच्या बोटांतून सुटले.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "मी उगंच टोकलं तुमाला. लय फिरवलं. आता येतो म्हनू नका. जातो म्हना."

बाहेर काही हललं नाही. पेरूचं पानसुद्धा नाही. मग कोणीतरी घसा खाकरला, आणि एक शब्द झाला, दबका, दोन अक्षरांचा. नवनाथ शपथेवर सांगू शकत नाही तो कोणता होता. भागुबाईला तो ऐकू आला. तिनं डोळे मिटले.

"जा," ती म्हणाली. जन्मभर ती त्यांना निरोप देताना 'या' म्हणाली होती. हा शब्द तिनं पहिल्यांदाच उच्चारला.

झडप आपणहून पुढे सरकली आणि खट् करून लागली. कुठेही फट नाही. लाकूड लाकडाला भिडलं होतं.

मग भागुबाई रडली. नाना गेल्यावर ती इतकी मोकळी रडली नव्हती. नवनाथ तिला धरून उभा होता आणि तोही रडत होता, आणि मनाली आतल्या दारात दिव्याची काडी हातात घेऊन तशीच उभी होती.

"खुर्ची दे कोनी तरी," शेवटी भागुबाई डोळे पुसत म्हणाली. "पाय भरून आले माझे."

७

सकाळी गोटीराम फळ्या घेऊन हजर झाला आणि मागच्या अंगणात येऊन बघतच राहिला. भागुबाई पेरूखाली खुर्चीत बसून चहा पीत होती. वॉकर शेजारी उभा होता. टॉवेल त्याच्यावरून काढलेले होते.

"आजी! तुम्ही बाहेर?"

"दार कशाला केलं मंग? आन त्या फळ्या परत ने. उंबरा बसव ह्याला आज."

"अहो, पण तुम्हीच तर नको म्हणल्या! मग साहेब म्हणतात बंद कर, आता म्हणता उंबरा!" गोटीरामनं नवनाथकडे पाहिलं. नवनाथ पेरूच्या बुंध्यामागे, बोळात, कुंपणाजवळ काहीतरी शोधत होता. पिशवी कुठेच नव्हती. कुत्र्यानं नेली असेल, असं त्यानं मनालीला सांगितलं. मनालीनं बरं म्हटलं. धुण्याच्या दगडावर ओलसर डाग होते, ते बघता बघता उन्हात वाळले, आणि त्यानं ते मापायला पट्टी आणली नाही.

"बसव," तो गोटीरामला म्हणाला. "चांगला रुंद बसव."

ओझरच्या बसची वेळ झाली होती. डबा घेऊन तो आईच्या खुर्चीपाशी आला. निघताना रोज जे म्हणायचा ते म्हणता म्हणता तो आज थांबला. भागुबाईनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. उन्हात तिचा चेहरा स्वच्छ दिसत होता, आणि पुष्कळ दिवसांनी त्यात थोडी खोडी होती.

"काय रं? म्हन की."

"येतो गं, आई."

"ये," ती म्हणाली. "पन पुढल्या दारानं ये."